समोरच्याचा लाइट

'मिस्त्री, लाइट कमी पडून राह्यला.'

नांदुऱ्यात मोटारींच्या वायरिंगचं काम करण्यात माझी छत्तीस-सदतीस वर्षं गेली. दुकानापुढे गाडी लावून गिऱ्हाईक उतरलं, की दहांतल्या सहा वेळा पहिलं वाक्य हेच असतं. आमच्याकडे नेहमी गाडी आणणारे एक शिक्षक मला म्हणाले, दिवाळी अंकासाठी तुमच्या धंद्याबद्दल लिहून द्या. मी म्हटलं, मला धंद्यातलं जे समजलं ते अर्ध्या पानात संपेल. ते म्हणाले, मग जे समजलं नाही ते लिहा. ते बरंच आहे, म्हणून लिहायला बसलो.

आधी समजलेलं अर्धं पान.

जुन्या गाडीच्या पुढच्या दिव्यात एकच बल्ब असतो आणि त्या बल्बमध्ये दोन तारा असतात. एक अप्परची, म्हणजे लांबच्या उजेडाची. दुसरी डिपरची, जवळच्या उजेडाची. डिपरच्या तारेखाली नखाएवढी पत्र्याची वाटी असते. वर जाणारा उजेड ती वाटी अडवते, म्हणून समोरून येणाऱ्याचे डोळे वाचतात. तार काचेत कुठे बसवायची हे कारखान्यात ठरवलेलं असतं, आणि मागचा चकचकीत रिफ्लेक्टर त्या एका जागेच्या हिशोबानेच घडवलेला असतो. तार गव्हाच्या दाण्याएवढी जरी इकडची तिकडे झाली, तरी रस्त्यावरचा उजेड झाडावर जाऊन बसतो. बल्ब बसवताना काचेला बोट लावायचं नाही, कारण बल्ब इतका तापतो की बोटाच्या तेलकट डागापाशी काच फुगते आणि बल्ब महिन्याभरात जातो. फडक्याने धरायचा, तीन पत्त्या खाचांत बसवायच्या, तारेचा चिमटा लावायचा. हाताला सवय असली तर पाच मिनिटांचं काम आहे.

पण 'लाइट कमी पडून राह्यला' याचा अर्थ बल्ब कमी पडतो असा असेलच असं नाही. आमचा पूर्णेकाठचा पट्टा खारपाणाचा, म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारट. बोअरच्या पाण्याने गाडी धुतली की दिव्यामागचं होल्डर आणि अर्थिंगचा नट खारटून जातो. बॅटरीतून निघालेला करंट बल्बापर्यंत पोचता पोचता निम्मा होतो. गिऱ्हाईक बल्ब बदलून मागतं, आणि खरं काम असतं पॉलिश पेपरने एक नट घासायचं. मी नट घासून दिला की काही लोक नाराज होत. त्यांना वाटे, मिस्त्रीने काहीच केलं नाही.

संग्रामपूर तालुक्यातले एक बागायतदार पाटील होते. त्यांची तक्रार अशी की लाइट रस्त्यावर पडतच नाही, बाभळीच्या शेंड्यावर पडतो. मी बल्ब बदलला. चार दिवसांनी ते परत आले. पुन्हा बदलला, दिव्याचे स्क्रू फिरवून उजेड खाली आणला. आठवड्याने परत आले, आता म्हणे गाडीच्या नाकापुढेच पडतो. मी चक्रावलो. तिसऱ्या वेळी सहज विचारलं, गाडीत काही जड सामान असतं का? त्यांनी डिक्की उघडली. आत हरभऱ्याच्या बियाण्याची तीन पोती. गाडी मागून दबली होती, म्हणून तोंड वर झालं होतं. मधल्या काळात एक दिवस पोती उतरवली होती, तेव्हा माझा उजेड नाकापुढे पडला. तेव्हापासून मी आधी डिक्की बघतो आणि मग बॉनेट उघडतो. दोन वेळा चुकल्यावर सापडलेलं हे ज्ञान मी बरीच वर्षं तोऱ्यात सांगत फिरलो.

इथे अर्धं पान संपलं. पुढचं मला अजून नीट समजलेलं नाही.

सहा-सात वर्षांपूर्वी आमच्या बाजारात पांढऱ्या उजेडाचे एलईडी बल्ब आले. त्यांत तार नसते, दोन बाजूंना बारीक टिकल्या चिकटवलेल्या असतात आणि मागे छोटा पंखा असतो. खोक्यावर काय काय आकडे छापलेले असत. एकाच्या खोक्यावर जे लिहिलं, त्याच्या दुप्पट दुसऱ्याच्या खोक्यावर, आणि दोन्ही बल्ब सारखेच पेटत. मी आयुष्यभर वॅटचा हिशोब केलेला माणूस. साठ-पंचावन्न म्हटलं की किती उजेड, नव्वद-शंभर म्हटलं की किती, आणि त्याने वायर किती तापेल, हे मला मीटर न लावता सांगता येई. या नव्या बल्बांपुढे माझं सगळं गणित पुन्हा पहिलीच्या वर्गात जाऊन बसलं.

दुकानासमोर रस्त्यापलीकडे एका गोदामाची लांब भिंत आहे. गाडी पंचवीस फुटांवर उभी करायची, भिंतीवर कोळशाने आडवी रेघ मारायची आणि डिपरचा उजेड रेघेखाली राहील असे स्क्रू फिरवायचे, ही माझी पद्धत. पहिला पांढरा बल्ब लावला तेव्हा ती भिंत दिवस उगवल्यासारखी उजळली. विटांमधलं सिमेंट दिसायला लागलं. रेघेच्या वरही बराच उजेड सांडला होता, ते मी पाहिलं. पण गिऱ्हाईक खूश होतं आणि मीही खूश होतो. भिंत पाहून उजेड जोखायचा आणि भिंतीला तर डोळे नसतात, ही गोष्ट माझ्यासारख्या जुन्या माणसाच्या ध्यानात तेव्हा यायला हवी होती.

आता दोन माणसांची ओळख करून देतो.

एक दिगंबरगुरुजी. राहणार नांदुऱ्यात, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. सत्यनारायण, वास्तुशांती, लग्न, जे असेल ते करतात. संग्रामपूरच्या बाजूच्या बऱ्याच गावांत त्यांचे यजमान आहेत. पूर्वी ते एसटीने जात, नंतर त्यांनी मुलाची जुनी छोटी कार घेतली. वय पासष्टच्या पुढे, पण गाडी नीट चालवणारे. दिवसभर पूजा आटोपून दिवेलागणीला नांदुऱ्याकडे परतायचे.

दुसरा पुंडलिक. संग्रामपूरकडच्या एका खेड्यातला, चाळिशीचा. घरची थोडी शेती, आणि एक सात सीटची गाडी. नांदुऱ्याला संध्याकाळच्या रेल्वेने उतरणाऱ्या सवाऱ्या भरायच्या आणि त्या बाजूच्या गावांत सोडत घरी जायचं, हा त्याचा रोजचा धंदा. बोलायला मोकळा, गाडी जिवापाड जपणारा. सवारीने दार जोरात लावलं तरी त्याचा चेहरा उतरायचा.

म्हणजे एकाची संध्याकाळी येण्याची वेळ तीच दुसऱ्याची जाण्याची. रस्ता एकच, पूर्णेच्या पुलावरून. दोघंही माझे गिऱ्हाईक, पण एकमेकांना ओळखत नव्हते.

आधी गुरुजी आले. म्हणाले, पुलाच्या अलीकडे रोज कुणीतरी समोरून डोळ्यांवर उजेड मारत येतो, मला क्षणभर काही दिसत नाही, माझा लाइट वाढवून दे. मी त्यांचं अर्थिंग साफ केलं, पिवळी पडलेली दिव्याची काच घासून दिली. महिनाभर ते समाधानी होते. मग पुन्हा आले. मी वायर तापू नये म्हणून रिले टाकून शंभर वॅटचा बल्ब लावला. त्यांच्या डाव्या दिव्याचा एक कान, म्हणजे दिवा गाडीला पकडणारी पट्टी, तुटलेला होता, तो तारेने बांधला. त्यामुळे तो दिवा जरासा बाहेर तोंड करून राहिला. फार नाही, पण ओळखू येईल इतका.

पंधरा दिवसांनी पुंडलिक आला. पुलापाशी कुणीतरी रोज आडवा येतो म्हणाला, आपल्या दिव्याने त्याच्यापुढे टिकाव लागत नाही. त्याला पांढरे बल्ब हवे होते. मी लावून दिले. पुन्हा गुरुजी आले, आता तर म्हणे समोरून वीज पडल्यासारखं होतं. मी म्हटलं, पाहू. मग एक दिवस पुंडलिक सवाऱ्यांची वाट बघत दुकानात बसला होता, तेव्हा बोलता बोलता म्हणाला की तो समोरचा आता त्याला लांबूनच ओळखू येतो, त्याचा एक डोळा तिरळा आहे.

मी विचारलं, कुठला? तो म्हणाला, त्याचा डावा. बाहेरच्या अंगाला पाहतो.

तो डोळा मीच तारेने बांधला होता.

तेव्हा मी काय करायला हवं होतं हे आज कुणीही सांगेल. दोघांना बोलावून समोरासमोर बसवायचं, दोघांचे बल्ब काढायचे, साधे लावायचे, भिंतीवर रेघ मारून द्यायची. मी ते केलं नाही. का केलं नाही, याचं उत्तर शोधायला गेलो तर मला चार-पाच उत्तरं सापडतात आणि एकही पुरं पडत नाही. दोघंही माझ्या कामाची तारीफ करत होते, ते आवडत होतं हे एक. आपण सांगितलं तर हा म्हणेल आधी त्याचा काढा आणि तो म्हणेल आधी याचा, हे दुसरं. आणि खरं सांगायचं तर मला त्याची गंमत वाटली. घरी जेवताना मी बायकोला, सुमनला, हसत हसत सांगितलं की दोन माणसं एकमेकांशी भांडून राहिली आहेत आणि दोघांनाही लाठ्या मीच पुरवतो. ती हसली नाही. तिने भाजी वाढली आणि विचारलं, त्या गाडीत सवाऱ्या किती बसतात? मी म्हटलं, सात. 

कापसाचा हंगाम सुरू झाल्यावर गुरुजी एका सकाळी गाडी घेऊन आले आणि त्यांनीही पांढरे बल्ब मागितले. पुढच्या आठवड्यात रोज पूजा आहेत, उद्या सकाळी गाडी न्यायला येतो, असं सांगून ते चालत घरी गेले. मी दुपारी बल्ब लावले. संध्याकाळी भिंतीवर उजेड पाहायचा होता, पण गोदामासमोर सरकीच्या पोत्यांचा ट्रक येऊन लागला होता आणि भिंत पूर्ण झाकली गेली होती. ट्रक कधी हलेल ते ड्रायव्हरलाही माहीत नव्हतं. मग मी ठरवलं, रस्त्यावरच पाहून घेऊ. दुकान बंद केलं आणि गुरुजींची गाडी घेऊन पुलाकडे निघालो.

तेव्हा दिवस बुडाला होता, पुरता अंधार व्हायचा होता. पूल ओलांडून तीन-चार किलोमीटर पुढे गेलो आणि परत फिरलो. येताना अंधार झाला होता. काय सांगू, रस्ता असा दिसत होता की मला हेवा वाटला. खड्डे, कडेची मुरमाची पट्टी, पलीकडची नाली, नालीतलं गवतसुद्धा. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या गाड्यांना दिवे लावले आणि मला स्वतःला असा रस्ता कधी दिसला नव्हता. समोरून गाड्या येत होत्या. त्यातल्या दोघा-तिघांनी दिव्यांची उघडझाप करून मला खुणावलं, डिपरवर ये म्हणून. मी डिपरवरच होतो. एकाला मी मुद्दाम अप्पर देऊन दाखवलं की बाबा, हे बघ, मी डिपरवरच होतो. त्याने पुन्हा दोन वेळा खुणावलं आणि आम्ही एकमेकांना ओलांडून गेलो. ही जागा पूल ओलांडून नांदुऱ्याच्या बाजूला, बाभळींच्या रांगेपाशी होती, असं मला वाटतं. वाटतं एवढंच म्हणू शकतो. मी आरशात पाहिलं नाही. गाडी दुकानापुढे लावली आणि घरी जाऊन समाधानाने जेवलो.

सकाळी चहाच्या टपरीवर कळलं की पुंडलिकची गाडी पुलाच्या अलीकडे रस्ता सोडून नालीत गेली आणि बाभळीवर आदळली. त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला, गळ्याजवळचं हाड मोडलं. त्याला खामगावला नेलं होतं. काल रेल्वे लेट होती, सवाऱ्या मिळाल्या नाहीत, म्हणून तो कंटाळून रिकामाच निघाला होता. टपरीवर जो तो म्हणत होता, समोरच्याने लाइट मारला, त्याला दिसलंच नाही.

मी चहा तसाच ठेवून दुकानात आलो. काय काय आठवायचा प्रयत्न केला ते आता हास्यास्पद वाटेल. मी दुकान बंद केलं तेव्हा किती वाजले होते? सव्वासहा की पावणेसात? ज्याला मी अप्पर दाखवला त्याचे दिवे पांढरे होते हे मला पक्कं आठवत होतं. पण आता कुणाचे पांढरे नसतात? त्यांतले निम्मे तर मीच लावलेले. ती सात सीटची गाडी होती की टेम्पो? उजेडामागे गाडी दिसतेच कुठे. दुपारपर्यंत मला खात्री झाली की तो पुंडलिकच होता. संध्याकाळपर्यंत खात्री झाली की नव्हता. पुन्हा दुसऱ्या दिवशी सकाळी तोच होता.

त्या पहिल्या सकाळीच गुरुजी ठरल्याप्रमाणे गाडी न्यायला आले होते. त्यांनाही बातमी कळली होती. ज्याची रोज तक्रार करायची तोच हा पुंडलिक, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. गाडीवर हात ठेवून ते म्हणाले, "काल गाडी तुझ्याकडे होती हे बरं झालं, मोहन. मी रस्त्यावर असतो तर माझ्या मनाने घेतलं असतं की तो मीच."

मी म्हटलं, काम राहिलंय, संध्याकाळी या. ते गेल्यावर पांढरे बल्ब काढले, साधे साठ-पंचावन्न लावले, तारेने बांधलेला दिवा नवा कान बसवून सरळ केला. संध्याकाळी ते आले तर विचारू लागले, पांढरे कुठे गेले? मी सांगितलं की या गाडीला ते चालत नाहीत. ते थोडे रुसले. त्यांना मी खरं कारण दोन महिन्यांनी सांगितलं.

त्या आठवड्यात माझ्या हातून काम नीट होईना. एका गाडीचा हॉर्न आणि वायपर मी एकाच स्विचवर जोडून ठेवले, हॉर्न दाबला की वायपर चालायला लागले. सुमनने दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं. मी सगळं सांगितलं.

"तुमी पाह्यलं काय त्याले पडताना?" तिने विचारलं.

"नाही."

"मंग तुमाले मालूम काय हाय?"

"काहीच पक्कं नाही."

"मंग तेवढंच जाऊन सांगा त्याले."

मी म्हटलं, जे मलाच ठाऊक नाही ते त्याला सांगून त्याला काय मिळणार? उगाच एका दुखणाइताच्या डोक्यात किडा सोडायचा. ती म्हणाली, किडा तर तुमच्या डोक्यात आहे. पण एकट्याच्याच डोक्यात ठेवायचा की कसं, हे मला सांगता येणार नाही.  मला वाटलं होतं, बायको तरी ठाम काहीतरी सांगेल.

मी दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसने खामगावला गेलो. दवाखान्यात चार खाटांची खोली होती. पुंडलिकचा पाय प्लास्टरमध्ये वर टांगलेला, खांद्याला पट्टे. त्याची बायको स्टुलावर बसली होती, मला पाहून उठली आणि चहा आणते म्हणून बाहेर गेली. पुंडलिक मला पाहून खरंच खूश झाला. गाडीचं विचारू लागला, पुढचा एक्सल वाचला का, दिव्यांचं काय झालं. मी म्हटलं, गाडी नंतर. आधी ऐक.

आणि मी सांगितलं. गुरुजींबद्दल, तिरळ्या दिव्याबद्दल, दोघांना मी कसे बल्ब देत गेलो त्याबद्दल, आणि त्या संध्याकाळबद्दल. मी अप्पर मुद्दाम दिला हेही सांगितलं. शेवटी म्हटलं, तो तूच होतास की दुसरा कुणी, मला माहीत नाही, पुंडलिक. पण असशील तर तुला आडवा आलेला माणूस मी आहे.

मी शिव्यांची तयारी ठेवली होती. खरं तर मला त्या हव्या होत्या. त्याने विचारलं, तुम्ही अप्पर किती वेळ ठेवला होता? मी म्हटलं, एक-दोन सेकंद. तो म्हणाला, मला तर पुष्कळ वेळ वाटला. म्हणजे तो दुसरा असेल. मग म्हणाला, पण तेव्हा एक सेकंदही पुष्कळ वाटला असेल. त्याला सांगता येईना आणि मलाही येईना. आम्ही दोघं एका गणितावर वाकलेल्या पोरांसारखे त्या दोन सेकंदांवर वाकून बसलो होतो.

मग त्याने मान वळवली.

"मिस्त्री, एक सांगा. तुमाले रस्ता दिसत होता?"

"हो."

"पुरा?"

"नालीपर्यंत. नालीतलं गवतही."

त्याने डोळे मिटले. मला वाटलं, आता रडेल.

"मंग माह्या गाडीले तोच बल्ब टाकून देजा," तो म्हणाला. "जो तुमच्या गाडीत होता तो."

मी गडबडून गेलो. अरे, त्यानेच तर हे झालं, असं काहीतरी म्हणालो. त्याने शांतपणे समजावून सांगितलं, जणू मिस्त्री तो आणि गिऱ्हाईक मी. त्या दिवशी दोन गाड्या समोरासमोर होत्या. ज्याला दिसत होतं तो घरी जाऊन जेवला. ज्याला दिसत नव्हतं तो इथे पडला आहे. त्याला दोन लेकी आहेत. त्याला पुन्हा त्याच रस्त्याने जायचं आहे. मग त्याने कोणता बल्ब लावावा?

त्याची बायको चहा घेऊन आली. मी चहा पिऊन निघालो. बसमध्ये मी त्याच्या बोलण्यातली चूक शोधत होतो. चूक आहे हे मला ठाऊक होतं. दोघांनीही साधे बल्ब लावले तर दोघांनाही दिसेल, हे मी भिंतीवर काढून दाखवू शकलो असतो. पण रस्त्यावर काही दोनच गाड्या नसतात. तिसरा जो येईल तो माझ्या भिंतीपुढे कधी उभा राहिलेलाच नसेल.

दोन महिन्यांनी मी गुरुजींनाही सगळं सांगितलं. ते म्हणाले, म्हणजे गाडी माझीच होती तर. मी म्हटलं, गाडी तुमची, हात माझा. ते पुंडलिकच्या गावी जाऊन त्याला भेटून आले. काय बोलले ते मला दोघांनीही सांगितलं नाही. त्यानंतर समोरून फार उजेड आला की गुरुजी गाडी कडेला घेतात, थांबतात, तो गेला की निघतात. घरी पोचायला अर्धा तास जास्त लागतो म्हणतात. त्यांना साधे बल्ब पुरतात.

मी पांढरे बल्ब जुन्या दिव्यांत लावणं बंद केलं. ज्या गाड्यांना कारखान्यातूनच तसे दिवे येतात त्यांची गोष्ट वेगळी, त्यांची घडणच त्या उजेडाची असते. पण जुन्या गाडीवाला आला की मी नाही म्हणतो. कारण सांगतो. तो ऐकून घेतो आणि स्टेशन रोडवरच्या दुसऱ्या दुकानात जातो. तिथे तो बल्ब पाच मिनिटांत बसतो.

पुंडलिक पाच महिन्यांनी काठी टेकत आला. गाडी दुरुस्त होऊन आली होती. मी त्याला साधे बल्ब लावून दिले, नवे रिफ्लेक्टर घातले, वायरिंग नवीन केलं, स्वतः भिंतीवर रेघ मारून दाखवलं. तो गाडी घेऊन गेला. महिनाभराने एका संध्याकाळी पुन्हा आला आणि गाडी सरळ भिंतीसमोर लावून दिवे पेटवले. पांढरे होते. दुसरीकडून लावून आणले होते. लपवायचं असतं तर तो आलाच नसता.

"तुमी टाकून देत नाई, म्हून तिकडून टाकले," तो म्हणाला. "पन नीट बसवून तुमीच द्या."

हाकलून द्यावं असं मला वाटलं, आणि त्याच वेळी हायसंही वाटलं. कारण दिवे त्याने कसेही आणले असते तरी तो त्या रस्त्यावर जाणारच होता. मी पेचकस घेऊन गाडीपुढे बसलो. तो काठी टेकून माझ्यामागे भिंतीकडे पाहत उभा राहिला. मी स्क्रू फिरवत गेलो. उजेड खाली यायला लागला, रेघेपर्यंत आला, रेघेखाली गेला. तो म्हणाला, बस. मी थांबलो नाही. माझी पाठ त्याच्याकडे होती. प्रत्येक दिव्याला मी आणखी दोन-दोन आटे दिले.

इतका खाली उजेड म्हणजे त्याला रस्ता थोडा कमी दिसणार. समोरच्याला थोडा जास्त दिसणार. ते आटे मी कुणासाठी फिरवले, हे मला तेव्हाही ठरवता आलं नव्हतं. तो गाडीत बसला, दिवे एकदा लावून-मालवून पाहिले आणि ठीक आहे म्हणाला. त्याला कळलं की नाही, हे मी विचारलं नाही. स्टेशनावर सात सवाऱ्या त्याची वाट पाहत होत्या.